दुखवट्याचे पिक्चर

मला पिक्चरचं वेड नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरुणपणी नव्हतं, आता तर नाहीच. नटनट्यांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. कोण कुणाचा मुलगा आणि कुणी कुणाला सोडलं, हे बायको सांगते आणि मी विसरतो. तरीही गेल्या दोन-तीन वर्षांत मी थिएटरात जाऊन जेवढे पिक्चर पाहिले, तेवढे त्याआधीच्या सगळ्या संसारात पाहिले नसतील. आणि त्यातला प्रत्येक पिक्चर कुणीतरी वारलं म्हणून पाहिला.

आमच्याकडे माणूस गेलं, दहावा झाला, गोडाचं जेवण झालं, की त्या घरातल्या लोकांना जवळच्या सोयऱ्यांनी घराबाहेर काढायचं असतं. याला दुखवटा काढणं म्हणतात. पूर्वी सोयरे आपल्या घरी नेऊन जेवू घालायचे, पुरुषांना टोपी-उपरणं आणि बायकांना लुगडं द्यायचे. ते अजून आहेच. त्याच्या जोडीला पिक्चर कधी आला, ते मला नक्की सांगता येणार नाही. माझे आजोबा गेले तेव्हा आत्याच्या नवऱ्याने आम्हा सगळ्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून तंबूतल्या टॉकीजला नेलं होतं, एवढं आठवतं. रडून दमलेल्या माणसांना दोन-तीन तास अंधारात बसवायचं, पडद्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी भानगडीत गुंतवायचं आणि बाहेर आणायचं. त्या दिवसापासून त्या घरातल्या कुणी केसात फूल माळलं, कुणी मोठ्याने हसलं, तरी नावं ठेवायची नाहीत. रीत म्हणून मला ती बरी वाटते. निदान यात भटजी लागत नाही.

मी नगरला राहतो. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मॉल आहे आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर थिएटर. त्यात मी सेवानिवृत्त. त्यामुळे गोतावळ्यात कुठेही माणूस गेलं, मग ते पारनेरकडचं असो की जामखेड-खर्ड्याकडचं, पिक्चरची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. फोन यायचा, “तुमी तिकिटं काढून ठिवा, आमी जीप घिऊन येतो.” कुठला पिक्चर, हे कुणी विचारायचं नाही. तेवढा विश्वास माझ्यावर का, हे मला कळलेलं नाही.

माझी सगळी नोकरी इथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. मशीनवरून आलेला भाग घ्यायचा, मापाला लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. भाग दिसायला कसा आहे, कुणी किती कष्टाने केला, याला आमच्या टेबलावर किंमत नव्हती. पिक्चरकडेही मी तसाच बघतो. बायको म्हणते, म्हणूनच तुम्हाला घेऊन जाण्यात मजा नाही.

पहिला पिक्चर खर्ड्याच्या चुलतबहिणीची सासू गेली तेव्हाचा. पोस्टरवर सगळे दात काढून हसत होते, म्हणून मी निर्धास्त होतो. निघाला भुताचा. विनोदी होता, पण भुताचा. त्यातली हडळ हिरवं नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून माळ्यावर बसलेली असते आणि सुनेला हाका मारत असते. माझ्या चुलतबहिणीची सासूही जन्मभर हिरवंच लुगडं नेसली. हडळीने पहिली हाक मारली आणि बहिणीने माझा हात असा धरला की नखं उमटली. “भाऊ, ह्या आल्या,” म्हणाली. उरलेला पिक्चर तिने पदर डोळ्यांवर घेऊन ऐकला. बाकी त्या पिक्चरबद्दल माझी तक्रार नाही. हडळीचं काम करणारी बाई चांगली होती. हडळीच्या बाजूने विचार केला तर सून खरोखरच उद्धट होती.

तेव्हापासून मी एक नियम केला. तिकीट काढण्याआधी खिडकीवरच्या पोरीला विचारायचं, “यात कुणी मरतं का?” पहिल्यांदा ती घाबरली. नंतर तिला सवय झाली. मी जिन्यावरून वर येताना दिसलो की ती स्वतःच मान हलवून हो किंवा नाही सांगायची.

पण तिचंही चुकायचं. आमच्या व्याह्यांचे वडील पिकल्या पानासारखे गेले, तेव्हा तिने एक लहान मुलांचा पिक्चर सुचवला. “कुणीच मरत नाही काका,” म्हणाली. त्यात कुत्रा मेला. मध्यंतरानंतर लगेच मेला आणि पुढे शेवटपर्यंत त्याच्या आठवणी चालल्या होत्या. व्याह्यांच्या घरातली माणसं म्हाताऱ्याच्या मयतीत रडली नसतील एवढी त्या कुत्र्यासाठी रडली. बाहेर आल्यावर मी तिला जाब विचारला, तर म्हणाली, “माणूस नाही मेला ना पण.” कुत्रा मात्र गुणी होता. त्या पिक्चरमध्ये अभिनय येत असलेला तो एकटाच.

मग एक लढाईचा पाहिला. तिथे मरणं किती, हे विचारण्यात अर्थच नव्हता. पण गेलेले काका फौजेतले होते आणि त्यांच्या मुलांनी तोच मागितला. नगरला फौजेची मोठी छावणी, त्यामुळे नगरच्या माणसाला रणगाड्याचं कौतुक फार नसतं, सिग्नलला फौजी ट्रकच्या मागे उभं राहण्यात त्याचं आयुष्य जातं. त्या पिक्चरमध्ये नायकाला इतक्या गोळ्या लागल्या तरी तो आईला उद्देशून लांबलचक बोलला, मधे एकदा हसलासुद्धा. पिक्चरमधली माणसं मरताना फार बोलतात. मी आजवर जी चार-दोन माणसं जाताना जवळून पाहिली, त्यातलं कुणी बोललं नाही. एकाने पाणी मागितलं, तेही खुणेने.

एक मराठी पाहिला. गावातला होता. हल्ली प्रत्येक मराठी पिक्चर आभाळातून सुरू होतो. कॅमेरा घारीसारखा वर फिरत राहतो, खाली नदी, देऊळ, कौलं, हिरवीगार शेतं. गावात राहणाऱ्या माणसाने गाव असं वरून कधी पाहिलेलं असतं? शेजारी बसलेले पारनेरकडचे एक पाहुणे म्हणाले, “ह्ये कुठलं गाव काढलंय? आपल्याकडं एवढं हिरवं फकस्त बांधावरची बाभळ आस्ती.” पोरगा-पोरगी भांडली, पळाली, सापडली. कुणी मेलं नाही. म्हणून मी तो पास केला, नाहीतर त्यात पास करण्यासारखं काही नव्हतं.

असं करत करत माझं एक मत बनत गेलं. पिक्चर काढणाऱ्यांना माणसाचं पुढे काय करायचं ते सुचलं नाही, की ते त्याला मारतात. निम्मी मरणं सरळ काढून टाकता येतील. हे मी एकदा जेवताना बायकोला पटवून देत होतो. ती म्हणाली, “तुम्ही पिक्चर बघायला जाता का पंचनामा करायला?” आणि मग पारनेरहून फोन आला, की अक्काचे मालक गेले.

अक्का माझी थोरली बहीण. पारनेरच्या पुढे, रस्ता सोडून आत गेलं की तिचं गाव. दाजींना पाच-सहा वर्षांपूर्वी लकव्याचा मोठा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणातच होते. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, चाकणला कंपनीत. सुट्टी मिळेल तसा यायचा. अक्काच्या घराला लागूनच धाकट्या दिराचं घर, मध्ये एक भिंत. तिथे जाऊ आणि दीर. दाजींचं सगळं अक्का एकटीने करायची.

आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर बायका बसल्या होत्या. जाऊ मोठमोठ्याने रडत होती. अक्का रडत नव्हती. आलेल्या माणसाला “या” म्हणत होती आणि दाजींच्या तोंडाकडे बघत होती. माती देऊन आम्ही परत आलो, तर तिने त्यांचं अंथरूण अंगणात आणून काढून टाकलं होतं, खोली धुतली होती आणि दाराशी बसून चहा पीत होती. दुसऱ्या दिवशी ती झोपली. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि अक्का आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. उठली, दोन घास खाल्ले, परत झोपली. दहाव्यापर्यंत हेच. एकदा बायका ओसरीवर गळा काढत होत्या आणि आतून तिचं घोरणं ऐकू येत होतं. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

गावात व्हायची ती चर्चा झालीच. जाऊ पाण्याला गेली की सांगायची, “डोळ्याला टिपूस न्हाई वो बाईंच्या. दगडच.” ते फिरून भाच्याच्या कानावर आलं. दहाव्याच्या दिवशी त्याने मला गाठलं. मोटरच्या खोलीमागे नेलं आणि म्हणाला, “मामा, आई रडली न्हाई.”

मी म्हटलं, “प्रत्येकाचं वेगळं असतं.”

“वेगळं म्हंजी काय? परवा हसली ती. शेळीनं पावन्याची टोपी खाल्ली तर हसली. दादांना जाऊन धा दिस झाले न्हाईत.” त्याचा आवाज चिरकला. “तिला बरं वाटलं का मामा? दादा गेले म्हनून बरं वाटलं का? आसं आसंल तर मी ह्या घरात पुन्ना पाय ठिवनार न्हाई.”

तो तसा अबोल मुलगा. दोन रात्री तो चुलत्याच्या घरी झोपत होता, हे मला तेव्हा कळलं. आईशी त्याचं बोलणं हो-नाहीवर आलेलं. असं एकदा सुरू झालं की त्याला शेवट नसतो, हे मी आमच्याच घराण्यात पाहिलंय. एक चुलते आणि त्यांचा मुलगा एका बांधावर शेजारी शेजारी म्हातारे झाले आणि एकमेकांशी न बोलताच गेले. मला भीती वाटली. अक्काला दुसरं कुणी नव्हतं.

“दुखवटा तुमीच काडनार ना?” भाचा म्हणाला. “मंग ह्या टायमाला रडायचा पिक्चर बघा. साचलं आसंल तिच्यात तर निघंल. निघालं तर मला बी कळंल.”

म्हणजे माझं सगळं काम उलटं झालं. इतके दिवस मी मरण नसलेला पिक्चर शोधत होतो, आता मरण असलेला शोधायचा. मी खिडकीवर जाऊन विचारलं, “यात कुणी मरतं का?” आणि पोरगी खुशीत “नाही” म्हणाली, तेव्हा मी “मग दुसरा कुठला आहे?” असं विचारलं. तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. एक होता. नवरा-बायकोचा. नवरा आजारी पडतो आणि जातो. बायका रुमाल घेऊन येतात, असं तिने सांगितलं.

या वेळी धोका पत्करायचा नव्हता. मी दुपारच्या खेळाला एकटाच जाऊन तो आधी पाहून आलो. पिक्चर तपासायला गेलेला मी पहिलाच माणूस असेन. पंधरा-वीस माणसं विखुरलेली बसली होती. डोंगरावर काचेच्या भिंतींचं घर, त्यात नवरा-बायको. त्याला काहीतरी आजार होतो, नाव सांगतात पण ते माझ्या लक्षात राहिलं नाही. तो पांढऱ्या शालीत बसून असतो, ती त्याच्या उशाशी बसून असते, मधे मधे जुने दिवस दाखवतात, त्यात गाणी. शेवटी बागेतल्या झोपाळ्यावर तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवतो, सूर्य मावळतो आणि तो गेलेला असतो. ती हलत नाही. झोपाळा थांबतो. माझ्यापुढच्या रांगेतला एक धट्टाकट्टा गृहस्थ हमसून रडला. मी रडलो नाही, पण दिवे लागल्यावर लगेच उठलोही नाही. तपासणीवाल्याच्या नजरेने पाहिलं तर मरण मापात होतं. मी तिकिटं काढली.

अक्का यायला तयार नव्हती. “मला झोपू द्या,” एवढंच म्हणत होती. पण दुखवटा माहेरच्याने काढायचा आणि माहेर म्हणजे आता मीच, म्हणून आली. भाच्याची बायको लहानग्याला घेऊन घरी थांबली. जीपमधून अक्का, भाचा, जाऊ आणि दीर असे आले. सरकत्या जिन्यासमोर अक्का थबकली. मग पदर खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चढली. आत गारठा होता. ती म्हणाली, “भाऊ, हितं रग आनाया पायजे व्हती.”

बसण्याची रचना मी विचार करून केली होती. मध्ये अक्का, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाचा, त्याच्या पलीकडे जाऊ आणि दीर. दीर पहिल्या गाण्यातच झोपले. ते प्रत्येक पिक्चरला झोपतात आणि बाहेर आल्यावर चांगला होता म्हणतात.

मी पडद्याकडे बघतच नव्हतो, अक्काकडे बघत होतो. भाचाही तिच्याकडेच बघत होता, हे मला अंधारातसुद्धा कळत होतं. ती ताठ बसून अगदी मन लावून बघत होती. नवरा आजारी पडला तशी ती जरा पुढे सरकली. मला वाटलं, आता. जाऊ तर केव्हाच सुरू झाली होती, नाक ओढत होती.

अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, “ह्यो किती दिस पडून हाय रे?”

तिला कुजबुजता येत नाही. दाजींना शेवटी कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिचा आवाज तसाच झालाय. मी हळू सांगितलं, “सहा महिने झालेत, असं दाखवलंय.”

“मंग त्याची दाडी कोन करतं?”

पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी मागे वळून पाहिलं. मी म्हटलं, “ती करत असेल.”

“आन कवा? ती तर त्याच्या उशापास्नं हलंना.” थोडा वेळ गेला. “कूस बदलाया पायजे त्याची. चादर बी एकच हाय सकाळपास्नं.”

यावर कुणीतरी “शूऽ” केलं. अक्काने “बरं” म्हटलं आणि गप्प झाली. झोपाळ्याचा प्रसंग आला. थिएटरभर मुसमुसणं. जाऊने पदराचा बोळा तोंडात धरलेला. आणि भाचा रडत होता. दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून, वाकून, खांदे हलवत. बाप गेल्यापासून त्याला माणसं सांभाळायची होती, तांदूळ-गव्हाचं बघायचं होतं, तो असा रडलाच नव्हता. आम्ही सगळे अक्काच्या रडण्याची वाट बघण्यात इतके गुंतलो होतो, की हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला. मग ती दोन्ही हात मांडीवर घेऊन पडद्याकडे बघत राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

दिवे लागले. पिक्चर नापास झाला होता आणि त्यात पिक्चरचा दोष नव्हता.

नंतर काहीतरी गोड खायचं असतं. मॉलच्या समोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. मी जिलबी मागवली. दीर म्हणाले, “चांगला व्हता पिक्चर.” भाच्याचे डोळे लाल होते आणि तो बशीकडे बघत होता. मी विषय काढायचा म्हणून विचारलं, “अक्का, कसा वाटला?”

“घर लई चांगलं हुतं,” अक्का म्हणाली. “पन त्या बाईला सवय न्हाई आजारी मान्साची. खोटी बसल्यावानी बसली हुती.”

“आई,” भाचा म्हणाला. त्याने मान वर केली नाही. “तुला काईच वाटलं न्हाई?”

“वाटलं की. सांगितलं न्हवं आत्ता?”

“पिक्चरचं न्हाई इचारत मी.” आता त्याने वर पाहिलं. शेजारच्या टेबलावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. “दादांचं इचारतो. मानूस गेलं तुझं. तू रडली न्हाईस. एकदा बी न्हाई. मी बघत हुतो.”

अक्काने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मला वाटलं, आता तुटणार हे. मध्ये पडावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तिने हातानेच मला थांबवलं.

“तुजा फोन यायचा,” ती भाच्याला म्हणाली. रागाने बोलत नव्हती, आपलं भाजीचं सांगावं तसं बोलत होती. “कामावरनं सुटला की करायचास. दादा कसे हायेत, इचारायचास. ठीक हायेत, म्हनायचे मी. तू जेवलास का, म्हनायचे. फोन ठिवला की रडायचे. त्यांच्याम्होरं न्हाई रडता यायचं, त्यांना सगळं कळायचं ना. मंग चुलीपाशी जाऊन, त्या भितीला टेकून रडायचे. रोजच. कवा कवा तर फोन ठिवायच्या आधीच सुरू व्हायचं, म्हनून मी गडबडीनं ठिवायचे. तुला वाटायचं, आईला बोलायाच नगं.” तिने पदर नीट केला. “आता न्हाई येत रडू. मी काय करू? आता निस्ती झोप येती.”

भाच्याचा हात टेबलावर तसाच पडून होता. फोन माझाही जायचा आणि मलाही तेच उत्तर मिळायचं.

तेवढ्यात जाऊ म्हणाली, “मला ऐकू यायचं.”

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. गावभर ‘टिपूस नाही’ म्हणून सांगणारी तीच. तिचा पिक्चरमध्ये रडून सुजलेला चेहरा आता पांढरा पडला होता. “भितीपल्याडनं ऐकू यायचं, बाई,” ती म्हणाली. “समदं ऐकू यायचं.”

“म्हाईत हाय मला,” अक्का म्हणाली. “मी रडाया लागले की तुज्या टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा.”